आत्याची बनी

सरकीचे दोन ढीग मी एकत्र केले. एक बनीचा होता, एक जडीचा.

ज्यानं कधी कापूस पेरला नाही त्याला यात काय बिघडलं ते कळायचं नाही, म्हणून सांगतो. बनी म्हणजे आमच्या वऱ्हाडातला जुना कापूस. पांढराशुभ्र, लांब धाग्याचा, पण पिकतो थोडा. जडी म्हणजे तिची दांडगट चुलत बहीण. धागा आखूड, रंग मळकट, पण पिकायला लागली की घरात पाय ठेवायला जागा राहत नाही. दोघींचं बी सारखंच दिसतं. ह्या बियाला, म्हणजे सरकीला, कापसाची लव चिकटलेली असते. तशीच पेरली तर तिचे गोळे होतात आणि पेरायच्या बांबूच्या नळीत अडकून बसतात. म्हणून पेरणीआधी सुतळीच्या बाजेवर सरकी ओतायची, शेण, माती आणि पाणी कालवून तिच्यावर घालायचं आणि हाताची साल निघेपर्यंत चोळायचं. हे काम पोरांचं. आमच्या घरात कामाचं पोर एकच होतं आणि ते सध्या हे लिहीत आहे.

त्या दिवशी आत्याची बनी एका टोपलीत होती आणि बाबांची जडी चार टोपल्यांत. आत्या सांगून गेली होती, आधी बनी चोळ, मग बाज धू, मग जडी चोळ. मला त्यातलं ‘बाज धू’ फार जाचक वाटलं. नाल्याला नवं पाणी आलं होतं आणि गावातली सगळी पोट्टी तिकडे डुंबत होती. मी पाचही टोपल्या बाजेवर ओतल्या, एकदाच शेण कालवलं, एकदाच चोळलं आणि पुन्हा टोपल्या भरल्या. एक आत्याची, चार बाबांच्या. वाटणी इतकी चोख केली की पंचांनी पाहिली असती तर पाठ थोपटली असती. मग पोहायला गेलो. कामाची नवी रीत आपण काढली आणि मोठ्या माणसांना ती इतकी वर्षं कशी सुचली नाही, याचंच मला नवल वाटत होतं.

त्या एका टोपलीवर आत्याचं वावर टांगलेलं होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण पाणी फार छान होतं.

आत्या ही बाबांची थोरली बहीण. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत पटकीच्या साथीत गेला आणि ती माहेरी परत आली. येताना तिनं भांडी आणली नाहीत, दागिने आणले नाहीत. डोक्यावर एक टोपली सरकी घेऊन ती अंजनगावच्या वाटेनं चालत आली. ती नवऱ्याच्या वावरातली बनी. आजोबांनी तिला नाल्यापलीकडचं लहानसं वावर काढून दिलं. तेव्हापासून दर साली ती तिथं बनी लावायची, त्यातली सरकी राखायची आणि पुढच्या साली तीच पुन्हा पेरायची.

आमच्यात बाईनं दुसऱ्यांदा पाट लावला तर कोणी नावं ठेवत नाही. आत्याला मागणी घालायला माणसं येत. ती प्रत्येकाला एकच विचारायची, तुमच्या वावरात कोणता कापूस आहे? दर्यापुराकडचा एक चांगला घरंदाज माणूस आला होता. तो म्हणाला, दोन्ही आहेत, मिसळूनच पेरतो, फरक काय पडतो? आत्या आत गेली, मिरचीच्या ठेच्यात गूळ कुस्करून भाकरीबरोबर त्याच्यापुढे ठेवून आली. बिचाऱ्यानं भिडेखातर सगळं संपवलं. आत्या माझ्या आईला त्याच्यादेखत म्हणाली, “हा मानूस खरंच सांगते वो. याले फरक पडत नाई.” तो डोळे पुसत घोड्यावर बसला. डोळ्यांत पाणी ठेच्यानं आलं होतं की आत्यामुळं, हे आईला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

तिच्या डाव्या कानात कायम कापसाचा बोळा असायचा. ऐकायचं नसेल तेव्हा ती तोंड फिरवून तो कान पुढे करायची. बोलणारा बोलत राही आणि ती मान हलवत राही. घरच्यांना हे ठाऊक होतं, म्हणून बाबा तिच्याशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहत. मग ती जागची उठून चुलीच्या पलीकडे बसे. कधी कधी एका साध्या प्रश्नासाठी माझा बाप चुलीभोवती दोन प्रदक्षिणा घालायचा.

काम सांगण्याची तिची तऱ्हा मी आजवर दुसऱ्या कोणात पाहिली नाही. ती ओरडत नसे, मारत नसे. तुम्ही जे निमित्त सांगाल ते ती खरं मानायची आणि त्याला जुळेल असं काम द्यायची. पाय दुखतो म्हटलं की बसून करायचं काम, रेच्यावर कापूस घालून सरकी काढ. हात दुखतो म्हटलं की जोंधळ्यातली पाखरं हाकल, त्याला पाय आणि तोंड पुरतं. डोकं दुखतं म्हटलं तेव्हा ती म्हणाली, बरं झालं, शेण भरायला डोकं लागत नाही. पोट दुखतं म्हटलं तेव्हा मात्र तिनं काही काम दिलं नाही. फक्त जेवायला वाढलं नाही. एका उन्हाळ्यात माझ्या अंगातले सगळे अवयव संपले. शेवटी मी कान दुखतो म्हणालो, तर तिनं मला बांधावर बसवून नाल्यापलीकडून कोणाची गुरं येतात का ते डोळ्यांनी पाहायला लावलं.

पण तिला खरी गोडी होती ती काम चुकवण्याची. करण्याची नव्हे, ऐकण्याची. कोणी काम चुकवलं की तिचे डोळे चमकत. ती जवळ घेऊन बसायची आणि विचारायची, “कसं केलं? पयल्यापासून सांग.” मी गव्हाणीत कडबा न टाकता बैलाच्या तोंडाला थोडा कोंडा फासून कसं भागवलं, हे तिनं माझ्याकडून पुन्हा पुन्हा सांगून घेतलं. शेवटी म्हणाली, हे तुझ्या बापानंही केलं होतं, पण त्यानं पेंड फासली होती, तू त्याच्याहून चिक्कू आहेस. गावात कोण कशानं अंग चोरतो, हे ती एकेकाचं नाव घेऊन सांगू शकायची. मी एकदा विचारलं, हे सगळं कशाला लक्षात ठेवतेस? ती म्हणाली, “काम करतानी समदे सारखेच दिसतेत. चुकवतानी मानूस कळते.”

आणि माझी पाठ. पाऊस पडून गेल्यावर काळी माती फार ओली असून चालत नाही आणि फार सुकूनही चालत नाही. मधली वेळ साधावी लागते. लोक मूठभर माती दाबून पाहतात. आत्या ढेकूळ उचलून माझ्या पाठीवर फेकायची. चिकटलं तर ओली, लागलं तर सुकी, नुसतंच भुसकन फुटून खाली पडलं तर औत धरा. दुसरी कोणाची पाठ का नको म्हटलं, तर म्हणे, तुझ्या पाठीला सगळ्यांत कमी वापर आहे, ती खरं सांगेल. पुढं पुढं शेजारचे लोकही पेरणीच्या दिवसांत आमच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, थांबून विचारू लागले, आज पाठ काय म्हणते?

ते दिवस कापसाच्या भावाचे होते. कुठल्या तरी मुलखात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि म्हणून म्हणे आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. तट्टावर बसून दलाल खेडोपाडी फिरत आणि उभ्या पिकावर इसार देऊन जात. आत्या त्यांना ताक द्यायची आणि विचारायची, लढाई कशावरून लागली? एक म्हणाला, गोऱ्यांचीच आपसात लागली आहे. ती म्हणाली, “ते समजलं. पन कोनाच्या धुऱ्यावरून?” दलालाला ते माहीत नव्हतं. पुढच्या दलालालाही नव्हतं. जिच्या जिवावर हे लोक गबर होत होते ती लढाई कोणाच्या बांधावरून लागली, एवढंही कोणी विचारून घेतलेलं नाही, ह्याचं तिला फार आश्चर्य वाटायचं. दर दलालाला ती विचारीतच राहिली. शेवटी ते आमच्या घरावरून जाताना तट्टाला टाच मारू लागले.

बाबांना असले प्रश्न पडत नव्हते. त्यांनी बैलांसाठी चांदीचे घुंगरू केले होते. ते पहिल्यांदा घातले तेव्हा आमचा पवळ्या बैल स्वतःच्याच आवाजानं बुजला आणि जुंपलेल्या बंडीसकट मारुतीच्या पारावर चढला. पण बाबांची हौस कमी झाली नाही. जिकडं तिकडं त्यांना जडी दिसू लागली. धुऱ्यावर, नाल्याच्या काठावर, अंगणात. आणि शेवटी आत्याच्या वावरात. बोलणं निघालं ते अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नव्या सालाच्या कामाचं ठरवताना. बाबा तिच्या उजव्या बाजूला जाऊन म्हणाले, “बाई, तुया वावरातून एक बंडीबी भरत नाई. दलाल काई बनी अन जडी पाहून नाई राहिले, जे भेटते ते उचलून राहिले. जडी लावू दे मले.”

आत्या पहिल्यांदाच उठून दुसरीकडे बसली नाही. म्हणाली, “या साली बंडी भरून देईन. शिगोशीग, निव्वळ बनीची. नाई भरली तर वावर तुयं.”

असा सौदा झाला. आणि त्यानंतर पेरणीच्या तोंडावर मी सरकी चोळायला बसलो.

उगवून वर आल्यावर सुरुवातीला सगळी पराटी, म्हणजे कापसाची झाडं, सारखीच असते. मग पानं मोठी होतात. बनीचं पान रुंद, पसरलेलं. जडीचं खोल चिरलेलं, हाताची बोटं ताणल्यासारखं. श्रावणात एके सकाळी आत्या आपल्या वावरातून परत आली, मला अंगणात बसलेलं पाहिलं आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. मी पळायच्या तयारीत होतो. ती म्हणाली, “कसं केलं?”

मी सांगायला लागलो. तिला सांगणं पुरलं नाही. तिनं बाज आणवली, टोपल्या आणवल्या, सरकी नव्हती म्हणून तुरी ओतल्या आणि मला सगळं जसंच्या तसं करून दाखवायला लावलं. मी तुरी चोळल्या. वाटणी करून दाखवली. ती गालाला हात लावून पाहत होती. टोपल्या कुठल्या क्रमानं ओतल्या, परत भरताना कुठून भरल्या, मध्ये कोणी आलं होतं का. आई दारात उभी राहून रडत होती की आता वावर गेलं, आणि ही बाई विचारत होती की चोळताना तू गाणं म्हणत होतास का. मग ती शांतपणे म्हणाली, “म्हंजे माई बनी गेली नाई. नाल्याच्या अल्याड तुया बापाच्या वावरात उभी हाये.”

हे खरं होतं. माझ्या चोख वाटणीमुळं तिच्या वावरात बहुतेक जडी उगवली होती आणि तिची बनी नाल्याच्या अलीकडच्या बाबांच्या वावरात विखुरली होती. ती तडक बाबांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. बाबा आधी माझ्यामागं चप्पल घेऊन धावले. ते झाल्यावर ओसरीत बसून पोट धरून हसले. पण शब्द म्हणजे शब्द, बंडी भरलीच पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. आत्या म्हणाली, माझ्या बियाण्याची पराटी तुझ्या वावरात आहे, तिचा कापूस माझा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. गावात माझ्याहून कामचुकार पोरगा नव्हता, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ते म्हणाले, “पोट्ट्यानं मिसळलं, पोट्टाच निवडीन. तुया हातानं होईन ते तू कर, पन मजुराचा हात लागला तर सौदा मोडला. माया बाया वेचाले उतरतीन, त्याच्या आदी काय निवडाचं ते निवडा.”

आत्या हो म्हणाली. मला कोणी विचारलं नाही.

म्हणजे तिच्या नवऱ्याच्या वावरातलं बी, आजोबांनी दिलेलं नाल्यापलीकडचं रान, सगळं आता माझ्या अंगमेहनतीवर आलं होतं. माझ्या आईनं त्याच दिवशी आत्याच्या वावराची आशा सोडली.

आत्यानं स्वतःच्या वावरातली जडी उपटून टाकली. ते चाई पडलेल्या डोक्यासारखं दिसू लागलं. मला तिनं अंबाडीच्या वाखाचा जुडगा दिला. बाबांच्या वावरात तासातासानं, म्हणजे ओळीओळीनं, फिरायचं, रुंद पानाची पराटी दिसली की तिच्या खोडाला वाखाची गाठ बांधायची. वेचायच्या वेळी गाठ पाहून वेचायचं. मी फिरू लागलो. पाठीवर ऊन, पायात चिखल, मानेवर चिलटं. बाबा धुऱ्यावरून जाता येता थांबायचे, मला वाकलेलं पाहून खुशीत हसायचे आणि बरोबरच्या माणसाला दाखवायचे. सगळ्या गावाला मी पाहण्यासारखी गोष्ट झालो. लोक वाट वाकडी करून येत. सरकी चोळायची चुकवली म्हणून आता एकेका झाडाच्या पाया पडतो आहे, असं ते म्हणत, आणि मुद्दाम विचारत, ही बनी का, ही जडी का?

वावराच्या पार टोकाला एक बाभळ होती. तिथपर्यंत पोचेपर्यंत माझा जीव जाई. टोकाच्या तासांमध्ये मी पानं पाहणं सोडून दिलं. दोन पराट्या सोडायच्या, तिसरीला गाठ मारायची, असा एक सुबक हिशेब मी बसवला. दुरून पाहिलं तर गाठी छान सारख्या दिसत. मग बाभळीखाली झोपायचो. आत्यानं विचारलं, टोकापर्यंत झालं का? मी म्हणालो, झालं. आणि ते खरंच झालं होतं, एका अर्थी.

आमच्याकडे कापूस वेचायला कोणीही कधीही उतरत नाही. आधी सीतादही करावं लागतं. घरातली थोरली बाई वावरात जाते, पाच दगड मांडून पूजा करते, पराट्यांवर दहीभात शिंपडते, पहिल्या फुटलेल्या बोंडाचा धागा ओढून एका पराटीवरून दुसरीवर गुंडाळते. त्याआधी बोंडाला हात लावायचा नाही, मग ते वावर कोणाचंही असो. आमच्या घरी सीतादही व्हायचं ते सगळं वावर पांढरं झालं की. बाबांची सगळी जडीच असल्यामुळं ते उशिरा व्हायचं, आणि बाबा त्या हिशेबानं निवांत होते. ते त्यांच्या दलालांच्या गडबडीत होते.

दिवाळी होते न होते तोच आत्यानं आईला दही विरजायला सांगितलं. बाबा म्हणाले, आताच कसलं सीतादही, बोंडं तर हिरवी आहेत. आत्यानं डावा कान पुढे केला.

आम्ही वावरात गेलो तेव्हा मी थबकलो. वावर हिरवंच होतं, पण त्यात जागोजागी पांढरे ठिपके होते. बनी जडीच्या आधी फुटते. हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मला ठाऊक होतं, बाबांना ठाऊक होतं, वाट वाकडी करून मला पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बनी कुठं आहे ते आता बनीच सांगत होती. पानं पाहायला नको, गाठ पाहायला नको.

पूजा झाली. आत्या हातात दहीभाताची वाटी घेऊन तासातासानं चालत टोकाकडे निघाली. तिला अडवण्यासाठी मी पाय मुरगळल्याचं सोंग केलं, पण ते तिच्या लक्षातही आलं नाही. बाभळीच्या बाजूला सगळं उघडं पडलं होतं. जिथं गाठ होती तिथं हिरवी जडी, जिथं पांढरं बोंड होतं तिथं गाठ नाही. दोन सोडून तिसरी, दोन सोडून तिसरी, माझी आळशी अक्कल तासच्या तास रांगेनं उभी होती. आत्या किती वेळ ते पाहत राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला तिच्या डोळ्यांत ती चमक दिसली. म्हणाली, हे नवीन आहे, तुझ्या बापानं असं कधी केलं नव्हतं.

मी विचारलं, “आत्या, तुले ठाऊक होतं ना, बनी आदी फुटते?”

“ठाऊक कोनाले नाई?”

“मंग मले काहून गाठी बांधाले लावलं?”

ती बोंड खुडत म्हणाली, “तुया बापाले कोठी तरी पाहाले पाह्यजे होतं नं.”

त्या दिवसापासून आम्ही दोघंच वेचत होतो. जितकी फुटेल तितकी रोज. कमरेला बांधलेलं फडकं, म्हणजे ओटी, भरायची, धुऱ्यावरच्या बंडीत रिकामी करायची, पुन्हा उतरायचं. बाबा आता हसत नव्हते. बंडी अर्धी झाली तेव्हा ते एके सकाळी माझ्याजवळ आले आणि फार प्रेमानं म्हणाले, अमरावतीला चाललो आहे, येताना बडनेऱ्याला लोखंडाची सडक टाकताहेत तीही पाहू, चल. मी ओटी सोडली आणि त्यांच्या बंडीत चढलो. आत्यानं पाहिलं. तिनं मला थांबवलं नाही, फक्त हात न थांबवता पाहत राहिली, जणू ह्या वेळचा प्रकार कसा होतो ते तिला बघायचं होतं.

गावाच्या शिवेपर्यंत मी गेलो. बाबा मला गुळाचा खडा देत होते, पवळ्याची घुंगुरमाळ कशी वाजते ते ऐकवत होते. तेव्हा मला शंका आली. ह्या माणसानं मला जन्मात कधी हौसेनं कुठं नेलं नव्हतं. मला त्या वेळी आत्याचं वावर आठवलं, तिची टोपली आठवली असं लिहिलं तर ते मला शोभून दिसेल. पण खरं म्हणजे बाप मला बनवतो आहे एवढंच कळलं आणि राग आला. गूळ तोंडात टाकून मी चालत्या बंडीतून उडी मारली. मागून बाबांनी हाका मारल्या. मी वावरात पोचलो तेव्हा आत्यानं मान वर न करता माझी ओटी माझ्याकडे फेकली.

बोटांना बोंडाच्या कडा टोचून टोचून माझी नखं काळी झाली. बाबांच्या वेचणाऱ्या बाया वावरात उतरायच्या होत्या त्याच्या आदल्या दिवशी बंडी काठोकाठ आली. आत्यानं मला वर चढवलं आणि तुडवायला लावलं. कापूस खाली बसला तशी बंडी पुन्हा रिकामी दिसू लागली आणि मला रडू आलं. आत्या म्हणाली, तुडवून भरलेली बंडीच बंडी असते, फुगवलेली तर दलालही भरतात. नाल्यापलीकडच्या तिच्या टकल्या वावरात जी काही बनी उरली होती ती आम्ही त्या दुपारी वेचून आणली, आणि कापूस बंडीच्या कठड्यावर शीग धरून उभा राहिला.

बाबा आले. त्यांनी बंडीला चक्कर मारली. मग चाकावर पाय देऊन चढले, कापसात कोपरापर्यंत हात खुपसला, खालचा कापूस वर काढून पाहिला. बोटांमध्ये धरून ओढला. धागा लांब, लांब गेला आणि तुटला नाही. जडीचं एक बोंड सापडलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. ते आणखी दोन ठिकाणी हात घालून पाहत होते आणि आत्या धुऱ्यावर बसून त्यांच्याकडे पाहत होती. आई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

ते खाली उतरले, धोतर झटकलं. “वावर तुयं, बाई,” ते म्हणाले. “मी आता त्या वावराचं नावबी काढनार नाई.”

आत्यानं नुसती मान हलवली. आईनं डोळ्याला पदर लावला. काहीतरी बोलून माघार थोडी गोड करावी म्हणून बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “पन काई म्हन, पोट्टा कामाचा निंघाला. पुढच्या सालापासून पेरनीले यालेच संगं घेतो.”

माझी छाती फुगली होती तेवढ्यात आत्यानं मला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “अंजनगावात शाळा निंघाली म्हंतेत, तठी घाल याले. तठी काई पिकत नाई, मंग हा नासवीन काय?”